नाही म्हणायची ऐपत

अमेरिकेने २०२५ च्या जुलैमध्ये यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था अधिकृतपणे बंद केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्यात एका व्याख्यानाला गेलो होतो, विषय आफ्रिकेतली भूक. वक्ते बरं बोलले, पण खरी गंमत प्रश्नोत्तरांत आली. एक निवृत्त अधिकारी उठून म्हणाले, "बरं झालं, कुबड्या गेल्या. आता तरी पायावर उभे राहतील." मागच्या रांगेतल्या एका तरुणाने लगेच सांगितलं की बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाच्या लष्करी राज्यकर्त्याने, इब्राहिम त्राओरेने, अटींवर कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला केव्हाच हाकलून दिलंय, आता सगळ्या खंडाला तोच वाट दाखवणार. एक बाई चिडून म्हणाल्या, "पोरं मरतायत तिथे, आणि तुम्ही सार्वभौमत्व कसलं घेऊन बसलात?" शेवटी एका गृहस्थांनी चीन सगळं गिळतोय असं जाहीर केलं. टाळ्या चौघांनाही पडल्या. चार उलटसुलट मतांना एकाच सभागृहात टाळ्या पडतात तेव्हा वाद नीट चाललेला नसतो, एवढं तरी नक्की.

अन्नसुरक्षा आणि अन्नसार्वभौमत्व या दोन शब्दांची तिथे सरळ खिचडी झाली होती. पोट भरलं का, हा अन्नसुरक्षेचा प्रश्न. ताटात काय पडणार हे ठरवलं कुणी, आणि ठरवणाऱ्याला जाब विचारता येतो का, हा सार्वभौमत्वाचा. दुसरा शब्द शेतकऱ्यांच्याच चळवळीतून आला. व्हिया कांपेसिना या शेतकरी संघटनांच्या जागतिक जाळ्याने तो १९९६ मध्ये पुढे आणला, आणि २००७ मध्ये माली देशातल्या सेलिंग्वे गावी जगभरच्या शेतकरी-मच्छीमारांनी जमून त्याची व्याख्या केली. माझं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरचं धान्य, बाहेरचं बियाणं, बाहेरचा पैसा घेतला म्हणून कुणाचं सार्वभौमत्व जात नाही. 'नको' म्हणायची सोय उरली नाही की ते जातं. आणि आफ्रिकेतल्या देशांची ही सोय काढून घेणाऱ्यांत वॉशिंग्टन, पॅरिस आणि बीजिंग यांच्या पंगतीला दिल्लीही बसलेली आहे. त्या सभागृहात आपण सगळे प्रेक्षक असल्यासारखे बोलत होतो, ते मला जास्त खटकलं.

काजूपासून सुरुवात करतो, कारण ती गोष्ट कोकण-गोव्याला जवळची. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू आणला तो गोव्यातही लावला आणि मोझांबिकमध्येही. झाडं एकाच घरची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजू पिकवण्यात जगात पहिल्या नंबरावर होता आणि बी फोडून गर काढणारे कारखानेही तिथे होते. १९७५ मध्ये स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ यादवी आली, ती १९९२ पर्यंत चालली. बागा म्हाताऱ्या झाल्या, सरकारी कारखाने डबघाईला आले. मग कर्जाबरोबर जागतिक बँकेचा सल्ला आला. कच्ची बी बाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही निर्यातीवर कर लावता, त्याने कारखान्यांना बी स्वस्त मिळते आणि शेतकरी मरतो. कर उतरवा, शेतकऱ्याला जगाचा भाव मिळेल. कागदावर तर्क चोख होता. कर टप्प्याटप्प्याने १४ टक्क्यांपर्यंत खाली आला. खासगी मालकांनी नुकतेच विकत घेतलेले कारखाने एकामागून एक बंद पडले, दहा हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. आणि शेतकरी? अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा काजूवाल्या कुटुंबाला या सगळ्या उलथापालथीतून वर्षाकाठी फार तर पाचेक डॉलर जास्त मिळाल्याचं दिसलं. वाढलेल्या भावातला मोठा वाटा मधल्या व्यापाऱ्याकडेच अडकला. खेड्यात जाऊन बी उचलणारे मोजकेच असले की दुसरं काय होणार?

ती कच्ची बी गेली कुठे? भारतात. कच्च्या बीचं एवढं मोठं गिऱ्हाईक तेव्हा जगात दुसरं नव्हतंच, आणि एकच गिऱ्हाईक असलं की भाव कोण ठरवतं हे कुठल्याही बाजार समितीत उभ्या असलेल्या माणसाला विचारा. बँकेने शेतकऱ्याला 'जगाचा भाव' कबूल केला होता, तो प्रत्यक्षात आपल्या व्यापाऱ्यांचा भाव होता. आजही केरळातल्या कोल्लमपासून आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत काजू कारखान्यांना आफ्रिकेतली बी लागते, आणि सिंधुदुर्गातला बागायतदार दर हंगामात ओरडतो की आयात बीने आमचा भाव पाडला. त्याचं खोटं नाही. पण त्याच्या तक्रारीत 'आफ्रिकेची बी' जणू आपल्या पायांनी चालत येते.

बँक सगळीच चुकली असं मी म्हणणार नाही. ते कारखाने अकार्यक्षम होते आणि करामुळे शेतकरी नाडला जात होता, हे खरंच होतं. पण चूक निघाली तेव्हा किंमत कुणी मोजली? सल्ला देणाऱ्याचं एक दिवसाचंही वेतन कापलं गेलं नाही. मोझांबिकच्या संसदेने १९९९ मध्ये कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या घरात नेला, तोवर बहुतेक कारखान्यांना कुलपं लागली होती. तीच चूक स्वतःच्या सरकारने केली असती तर लोकांनी पुढच्या निवडणुकीत निदान त्याला घरी बसवलं असतं. बँकेला मत देऊन पाडता येत नाही.

आता तूर. लातूरला माझ्या मावसभावाची अडत आहे. मागे गेलो तेव्हा त्याने टोकदार नळी पोत्यांत खुपसून तीन मुठी माझ्यासमोर कागदावर ओतल्या. "ही लेमन, ही अरुषा, ही गजरी." लेमन ब्रह्मदेशची, अरुषा टांझानियाची, गजरी मोझांबिकची. गजरीच्या दाण्याला लालसर झाक होती, नावाचा उलगडा तिथेच झाला. शेजारी आपली लातूरची तूर होती, टपोरी. "डाळ होऊन पॉलिश झाली की तुला काय ओळखू येणारय!" तो हसत म्हणाला. मला खरंच आली नसती. आपण वरणाला 'आपलं साधं वरण' म्हणतो, पण त्या साध्या वरणात मोझांबिकच्या नांपुला प्रांतातला शेतकरी बसलेला असू शकतो.

तो तिथे कसा पोहोचला हे नीट सांगायला हवं. २०१५ मध्ये इथे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली आणि सरकारची झोप उडाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला गेले. मोझांबिककडून वर्षाला एक लाख टनांपासून सुरू करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन डाळी घ्यायच्या, असा करार झाला. तिथल्या शेतकऱ्याने मान डोलावून तूर पेरली. त्याच वर्षी इथे पाऊस चांगला झाला आणि आपल्याही शेतकऱ्याने दोनशेचा भाव डोक्यात ठेवून तूरच पेरली. २०१७ च्या उन्हाळ्यातलं चित्र मराठवाड्याला आठवत असेल. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये, बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि बारदान संपलं म्हणून माप बंद. ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल या मर्यादेबाहेर ठेवला होता, पण बाजार असल्या बारकाव्यांवर चालत नाही. मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. तिथे तूर खातात, पण थोडी; बहुतेक पीक आपल्यासाठीच होतं. न खपलेला माल शेतकऱ्याने कुणाला विकायचा? मग २०२१ मध्ये इथे पुन्हा महागाईची चाहूल लागली आणि दार पुन्हा उघडलं.

सरकारचं चुकलं का? आपल्या शेतकऱ्याचा भाव पडत असताना आयात रोखणं हे कुठल्याही सरकारचं कामच आहे. मी लातूरच्या बाजूने उभा राहीन, त्यात संकोच नाही. पण मग हेच काम घानाने केलं तेव्हा काय झालं ते पाहा. घानातले कोंबडीपालक आणि भातशेतकरी स्वस्त आयातीखाली चेंगरत होते. २००३ मध्ये तिथल्या संसदेने रीतसर कायदा करून कोंबडीवरचं आयात शुल्क २० वरून ४० टक्के आणि तांदळावरचं २० वरून २५ टक्के केलं. नाणेनिधीशी बोलणी झाली आणि थोड्याच दिवसांत अंमलबजावणी थांबली. शेतकरी न्यायालयात गेले, न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तर सरकारने तो कायदाच रद्द करून टाकला. लोकांनी निवडलेल्या संसदेने केलेला कायदा, आणि त्याचा गळा घोटायला ना फौज लागली ना तोफ. भारताने २०१७ मध्ये जे केलं तेच घानाने २००३ मध्ये केलं. घानाच्या डोक्यावर त्या वेळी नाणेनिधीचा कार्यक्रम होता, आपल्या डोक्यावर नव्हता. फरक एवढाच. बालीला २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत हमीभावाने धान्य घेऊन साठवण्याचा हक्क सोडणार नाही, म्हणून आपण जगाशी भांडलो. छानच केलं. तो हक्क फक्त मोठ्या बाजारपेठवाल्यांचा आहे का?

इथे व्यापाराच्या बाजूचे लोक एक सशक्त मुद्दा मांडतात. प्रत्येक देशाने सगळं स्वतःच पिकवायचा हट्ट धरला तर ते वेडेपण ठरेल. इजिप्तच्या वाळवंटात सगळ्यांना पुरेल एवढा गहू कसा पिकणार? मान्यच आहे. स्वयंपूर्णता आणि सार्वभौमत्व या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिंगापूरसारखा देश जवळजवळ काहीच न पिकवता निवांत जेवतो. पण सिंगापूरच्या खिशात पैसा आहे आणि विकणारे दहा आहेत. सेनेगलचं तसं नाही. फ्रेंचांनी तिथली जमीन भुईमुगाला जुंपली, तेलाच्या गिरण्या फ्रान्सच्या. पिकवणाऱ्यांच्या पोटासाठी इंडोचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या भागातल्या, भातगिरण्यांचा उरलेला तुकडा तांदूळ, आपल्या भाषेत कणी, आणून घातला. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या लोकांच्या जिभेला दोन-तीन पिढ्यांत कणीची इतकी सवय झाली की मासे-भाताचा 'चेबु जेन' हा राष्ट्रीय पदार्थ कणीशिवाय जमतच नाही. २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत त्याचं नाव गेलं. (आपल्याकडे रेशनच्या गहू-तांदळाने नाचणी-वरीला डोंगरात ढकललं, तेव्हा हसायला नको.) इंडोचायना इतिहासजमा झाला, आता कणी भारतातून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली आणि २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के माल आपला. सेनेगलसकट अनेक सरकारांनी दिल्लीला विनंत्या केल्या, मग दिल्लीने देशवार कोटे ठरवून दिले.

कोटे ठरवून देणं. हे शब्द कुठे ऐकलेत असं वाटलं ना? १९६५ ते ६७ दरम्यान अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली भारताला जाणाऱ्या गव्हाची दोरी अशीच आखूड धरली होती. जहाजं महिन्या-महिन्याच्या बोलीवर सुटत, आणि व्हिएतनामविषयी आपण काय बोलतो यावर लक्ष असे. बंदरात उतरलेला गहू थेट ताटात जाईल अशी आपली अवस्था होती. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री उपास करायला सांगितलं ते याच काळात, आणि महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं वसंतराव नाईक भर सभेत म्हणाले तेही याच काळात. त्या गव्हाबरोबर आलं असं मानतात ते गाजर गवत, ज्याला लोकांनी काँग्रेस गवत म्हणून पुरता सूड उगवला, ते अजून आपल्या बांधांवर आहे. मदतीचं गवत मदतीपेक्षा चिवट निघालं. जॉन्सनच्या दोरीने भारतातल्या एका पिढीच्या राज्यकर्त्यांना शरम वाटली आणि त्यातून खूप काही उभं राहिलं. तीच दोरी आज सेनेगलच्या राजधानीच्या, डाकारच्या बाजूने पाहिली तर तिचं दुसरं टोक आपल्या मुठीत दिसतं.

सभागृहातल्या त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. चौघांत त्यांचंच म्हणणं सर्वांत भक्कम होतं. मरणाऱ्याला आधी अन्न, बाकी मागून. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. आजी सांगायची, थापताना भाकरीच्या कडा फुटायच्या, आणि तव्यावरून उतरली की घटकाभरात वातड. पण तिने ती नाकारली नाही, चार पोरांना घातली. तिला कुणी सार्वभौमत्व सांगायला गेलं असतं तर तिने त्याला खडी फोडायला बसवलं असतं.

झांबियात २००२ मध्ये हा पेच उघडाच पडला. दुष्काळ होता, वीस-पंचवीस लाखांहून जास्त लोकांना मदतीची गरज होती, आणि अमेरिकेने पाठवलेला मका जनुकबदल केलेला निघाला. राष्ट्राध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी तो दळूनसुद्धा नको म्हणून परतवला. लोक भुकेले आहेत म्हणून त्यांना विष कसं द्यायचं, असं ते म्हणाले. 'विष' हा शब्द साफ चुकीचा होता. तो मका अमेरिकन लोक स्वतः खात होते. जगभरच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण चिडणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी पुढचा प्रश्न विचारला: मदत मक्याच्याच रूपात का? युरोपातले देश तेव्हा बरीचशी मदत पैशांत देत, म्हणजे शेजारच्या देशात जे पिकलंय ते विकत घेता येई. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे धान्य अमेरिकन शेतकऱ्याकडूनच घ्यायचं, त्यातलं बरंचसं अमेरिकन जहाजांतूनच न्यायचं. म्हणजे भुकेल्याला जेवायला घालताना किराणा आपल्याच दुकानातून घ्यायची अट. बिगर-जनुकबदल मका इतरत्र शोधून आणला गेला, आणि ज्या प्रमाणात माणसं दगावतील अशी भीती घातली जात होती तसं झालं नाही. म्वानावासांचं कारण चुकीचं आणि हक्क बरोबर, असं मला वाटतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतं. 'आधी अन्न' हे तत्त्व देणाऱ्यालाही लागू करा, एवढंच त्या बाईंना सांगायचं आहे. आधी अन्न, तर मग अटी कशाला?

मलावीची कहाणी याहून गुंतागुंतीची, म्हणून ती कुणीच पूर्ण सांगत नाही. २००१ च्या आसपास नाणेनिधीने सल्ला दिला की धान्याचा एवढा मोठा साठा ठेवणं महाग पडतं, कमी करा. सरकारने कमी नाही, जवळजवळ सगळाच विकला. त्यात कुणाकुणाचे हात ओले झाले याची चर्चा वर्षानुवर्षं चालली. पुढच्याच हंगामात पीक गेलं, गोदामं रिकामी, माणसं मेली. दोष नाणेनिधीचा की स्थानिक भ्रष्टांचा? दोघांचाही, आणि एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायचं हा खेळ दोघांनाही परवडला. २००५ मध्ये पुन्हा पीक बुडालं तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी देणगीदारांची नाराजी पत्करून खत-बियाण्यांवर अनुदान सुरू केलं. मक्याचं उत्पादन १२ लाख टनांवरून दोन वर्षांत ३० लाखांच्या पुढे गेलं. मदत मागणारा देश झिंबाब्वेला मका विकू लागला. सार्वभौमत्ववाले ही गोष्ट इथेच थांबवतात, आणि मला त्यांची हीच सवय आवडत नाही. कारण ते खत आयातीचं होतं. डॉलर आटले तेव्हा २०११ च्या सुमारास मलावीत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, खताचाही हिशेब बिघडला, आणि भूक परत आली. बी आपलं, शेत आपलं, पण खताची गोणी डॉलरमध्ये. ते सार्वभौमत्व भाड्याचं होतं. देणगीदारांना नाही म्हणायची हिंमत मुथारिकांनी दाखवली. खत विकणाऱ्याला नाही म्हणायची ऐपत मात्र हिंमतीने येत नाही, तिला मातीत आणि संशोधनात वीस वर्षं घालावी लागतात.

आणि हिंमतीचं सोंग तर कुणालाही आणता येतं. त्राओरेच्या भक्ताला मला हेच सांगायचं होतं. बुर्किना फासोने नाणेनिधीला हाकललेलं नाही. २०२३ मध्ये याच सरकारने नाणेनिधीकडून सुमारे ३० कोटी डॉलरचा कर्ज कार्यक्रम मंजूर करून घेतला. जानेवारी २०२४ मध्ये रशियाकडून २५ हजार टन गहू फुकट घेतला, तोही रशिया युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून सुखरूप जाऊ देण्याच्या करारातून बाहेर पडल्यावर काही महिन्यांतच. याच देशाचा १९८० च्या दशकातला राष्ट्राध्यक्ष तोमा सांकारा लोकांना सांगत असे की साम्राज्यवाद कुठे शोधता, आपल्या ताटात बघा. बाहेरून आलेला तांदूळ, मका, बाजरी, तोच तो. देशी कापसाचे, देशी हातमागाचे कपडे तो सरकारी नोकरांना घालायला लावी. खादीची आठवण आपल्याला व्हावी. त्याच्या नावाची माळ जपत मॉस्कोचा गहू उतरवून घ्यायचा, निवडणूक पुढे ढकलत राहायची, आणि व्हिडिओत स्वाभिमान दाखवायचा. दाता बदलला म्हणून दान बदललं का? झिंबाब्वेने तर २००० नंतर 'आमची जमीन, आमचं अन्न' म्हणत गोऱ्यांची शेतं घेतली, ज्यामागचा ऐतिहासिक अन्याय खरा होता, आणि मग विरोधी पक्षाला मत देणाऱ्या गावांत धान्य पोहोचू न देण्याचे प्रकार त्याच झेंड्याखाली झाले. देशाबाहेरच्या मालकाच्या जागी देशातला मालक आला तर उपाशी माणसाला काय फरक पडला? म्हणून वरच्या व्याख्येतलं 'जाब विचारता येतो का' हे शेपूट मी सोडायला तयार नाही.

तंत्रज्ञानाचा मुद्दाही खराच आहे. सहाराच्या दक्षिणेला एकरी उत्पादन कमी आहे, सुधारलेली बियाणी हवीत, आणि ती बाहेरून आली तरी हरकत असू नये. आपण तेच केलं. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, रॉकफेलर आणि फोर्ड या अमेरिकी प्रतिष्ठानांचे पैसे आणि माणसं आली. पण त्या बियाण्यातून कल्याणसोना, सोनालिका इथल्या शास्त्रज्ञांनी इथल्या शेतात निवडून काढले, ते शेतकऱ्याने घरी राखून पुढच्या वर्षी पेरले, शेजाऱ्याला पायलीभर दिले. अन्न महामंडळ, भाव सुचवणारा आयोग, राहुरी-अकोल्याची कृषी विद्यापीठं त्याच पाच-सहा वर्षांत उभी राहिली. पाहुणा आला, पण किल्ली घरच्याच माणसाच्या कमरेला राहिली. (त्या हरितक्रांतीने पाण्याचं आणि जमिनीचं काय केलं, तो वेगळ्या भांडणाचा विषय.) २००६ मध्ये गेट्स आणि रॉकफेलर यांनी आफ्रिकेसाठी 'आग्रा' नावाची हरितक्रांती आघाडी काढली, २०२० पर्यंत कोट्यवधी शेतकरी कुटुंबांचं उत्पन्न दुप्पट करू म्हणाले. ते झालं नाही, आणि उद्दिष्टच गुपचूप बाजूला ठेवलं गेलं. त्याच काळात अनेक देशांत बियाण्यांचे कायदे कडक झाले. केनियाच्या २०१२ च्या कायद्याने नोंदणी नसलेलं बियाणं विकलं किंवा वाटलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख शिलिंगपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे गावरान वाणांची बियाणी जपून गावोगाव देतात, त्यासाठी आपण त्यांना पद्मश्री दिली. तेच काम त्यांनी केनियात केलं असतं तर त्यांना तुरुंगाची भीती होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली, आणि खटला लढले होते पंधरा छोटे शेतकरी. या बातमीचा व्हिडिओ मात्र मला कुणी पाठवला नाही.

चीनबद्दल फार लिहीत नाही. चिनी कंपन्यांनी आफ्रिकेत बळकावल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रचंड जमिनींचे बरेचसे व्यवहार प्रत्यक्षात झालेच नाहीत, असं तपासायला गेलेल्या संशोधकांना दिसलं. इथिओपियाच्या गांबेला भागात एक लाख हेक्टर जमीन कवडीमोल भाड्याने घेणारी करुतुरी ही कंपनी बंगळूरची होती. तिथे पूर आला, मका वाहून गेला, आणि अखेर सरकारने परवाना काढून घेतला. त्या जमिनीवर आधी गुरं चारणाऱ्या लोकांना ना करार करताना कुणी विचारलं होतं ना मोडताना.

मग आपण काय करावं? निर्यात कधीच थांबवू नका, आयात कधीच अडवू नका, असं मी म्हणणार नाही; ते लातूरशी बेइमानी होईल. एवढं तरी करता येईल: मोझांबिकमध्ये तूर नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात, आपल्याकडे जून-जुलैत. आयातीचं धोरण त्या त्या पेरणीच्या आधी जाहीर करायचं आणि पीक हाती येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग निदान पेरायचं की नाही हे तरी तिथल्या माणसाला स्वतः ठरवता येईल. ही कल्पना मी मावसभावाला मोठ्या उत्साहाने सांगितली. तो गजरीचा नमुना कागदावरून परत पोत्यात ओतत होता.

"आम्हालाच आधी कुणी सांगत नाही," तो म्हणाला, "तिकडच्या लोकांना कोण सांगायलंय?"